विहिरीतलं जांभळं कासव

कासव पाळायला काही लागत नाही, असं मला ज्या माणसाने सांगितलं त्याने जन्मात कासव फक्त खाल्लं होतं. उकंडा भोई त्याचं नाव. त्याच्या शेळीचं पोट फुगलं होतं, मी तिला औषध पाजलं, ती वाचली, आणि तिसऱ्या दिवशी उकंडा ओल्या पोत्यात दोन कासवं घेऊन दवाखान्याच्या पायरीवर हजर झाला.

"घ्या डाक्टरसायेब. रस्सा लय झकास होते."

तेवढ्यात आमची जया मागच्या बिऱ्हाडातून आली. वय वर्षं आठ. तिने पोत्यात डोकावून पाहिलं, मोठ्याचं नाव ढब्बू ठेवलं, लहानाचं चवली, आणि रश्श्याचा विषय तिथेच संपला. नाव ठेवलेल्या प्राण्याला फोडणी द्यायची नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे. या कायद्यामुळे एक कोंबडा आमच्याकडे म्हातारा होऊन वारला होता.

"पण पाळायचं कसं यांना?" मी विचारलं.

"त्याले काय लागते जी? पानी अन् गोटा. थे काय तुमाले चाय मागत नाई," असं म्हणून उकंडा रिकामं पोतं झटकत निघून गेला.

मी डॉक्टर नव्हतो, हे इथे कबूल करून टाकतो. मी गुरांच्या सरकारी दवाखान्यात स्टॉकमन होतो, डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. खरे डॉक्टर महिन्यातून एकदा येत, तेही गाडी चालू असली तर. बाकीचे एकोणतीस दिवस गावाच्या दृष्टीने डॉक्टर मीच. गाव बोरी अरबपासून दोन कोसांवर. नाव सांगत नाही, कारण तिथली मंडळी अजून मला लग्नाच्या पत्रिका पाठवतात आणि मला जेवायला जायचं असतं. साल त्रेसष्ट. बैल, म्हैस, शेळी, एखाददुसरं घोडं, इतकी माझी विद्या. कासव त्यात नव्हतं. पण डॉक्टर म्हणवून घेतलेल्या माणसाला "मला माहीत नाही" हे वाक्य फार महाग पडतं, म्हणून मी ते कधी वापरत नसे.

दवाखान्याच्या जुन्या, घमेल्यासारख्या लोखंडी टोपल्यात पाणी भरून मी कासवं सोडली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं. तिसऱ्या दिवशी अंगणातून असा वास सुटला की एक बैल दवाखान्यात यायलाच तयार होईना, आणि तो बैल स्वतः काही अत्तर लावून आलेला नव्हता.

"रोज पानी बदलावं लागन याचं," माझी बायको सत्यभामा म्हणाली. "दोन बादल्या तरी. कोन आननार?"

हा प्रश्न साधा नव्हता, म्हणून जरा थांबून सांगतो.

आमच्या दारापासून वीस पावलांवर गल्लीची विहीर होती. चांगली, बारमाही. पण आम्ही छप्पन साली नागपूरला जाऊन बुद्धाचे झालो होतो, आणि त्याआधी काय होतो ते गल्लीच्या ध्यानातून गेलेलं नव्हतं. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी घरमालक सदाशिवराव यांच्या आई शकुबाई यांनी सत्यभामेला सांगितलं होतं, "तू खाली उभी राहा बाई, मी वरून वाढीन पानी." सत्यभामेने हंडा उचलला, तशीच मागे फिरली, आणि तेव्हापासून अर्ध्या मैलावरच्या अडाण नदीवर जाऊन वाळूतल्या झिऱ्याचं पाणी आणू लागली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की पाणी घेईन तर माझ्या हाताने, माझ्या दोराने. पावसाळ्यात गेली, हिवाळ्यात गेली, आता उन्हाळा आला होता, झिरा खोल चालला होता, आणि तिच्या पायाला भेगा पडल्या होत्या.

मी काय करत होतो? मी अर्ज केला होता. विहीर सार्वजनिक आहे, कायदा आमच्या बाजूचा आहे, हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून मी ग्रामपंचायतीला दिलं होतं, आणि आठ महिने तो अर्ज विचाराधीन होता. पोलिसांत का गेलो नाही म्हणून विचाराल तर भीती वाटत होती. बदली होईल, घर सुटेल, असं मी सत्यभामेला सांगत असे. ती नुसता हंडा उचलत असे, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागत असे.

सदाशिवराव स्वतः ग्रामपंचायतीचे सदस्य होते आणि मोठ्या मनाचा माणूस. रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसत. "मी तं बावा काहीच मानत नाई," असं म्हणत. चहा पुढे केला की, "आत्ताच झाली," असंही म्हणत. वर्षभर त्यांचा चहा आत्ताच झालेला असे.

तर कासवांचं पाणी. "तुमची कासवं, तुमचं पानी," असा निकाल सत्यभामेने दिला. त्यामुळे सरकारी नोकर, मॅट्रिक पास, इस्त्रीचा शर्ट, असा मी, रोज सकाळी खांद्यावर कावड घेऊन भर बाजारातून नदीवर जाऊ लागलो. वाटेत सगळे नमस्कार करत. नमस्काराला हात जोडावेत तर कावड सुटते, न जोडावेत तर डॉक्टर माजला. मी मान हलवत असे. गावात बातमी पसरली की डॉक्टरच्या मानेला झटका आला आहे, आणि दोन घरांतून लेपासाठी निरगुडीचा पाला आला.

सल्ल्यांना तर सुमार नव्हता. एक म्हणाला, कासवाच्या पाठीवर रुपया ठेवा, घरात लक्ष्मी येते. ठेवला. ढब्बू पाण्यात शिरला, रुपया चिखलात गेला, आणि तो शोधताना चवलीने माझं बोट धरलं. दुसरा म्हणाला, भाकर चारा. भाकरीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. शेवटी सत्यभामेनेच उकंडाकडून बारीक मासोळ्या आणल्या, अंबाडीचा पाला चिरला, आणि जया मलमाच्या रिकाम्या डबीवर टक टक टक वाजवून त्यांना बोलवायला लागली. आठ दिवसांत दोघंही डबी वाजली की माना लांब करून काठाशी येऊ लागले. माझ्या हातचं मात्र खात नसत. माझ्या हाताला फिनाइलचा वास येतो, असं जयाचं मत पडलं.

मग त्यांच्या पाठीवर पांढरे डाग उमटले. मी सरकारी पुस्तक उघडलं. खुरांचे रोग होते, शिंगांचे होते, कवचाचे नव्हते. शेवटी रीतसर वरच्या ऑफिसला लिहिलं: "दोन जलचर, कवचधारी, पाठीवर पांढरे डाग, उपचार कळवावा." उत्तरादाखल एक छापील तक्ता आला. जनावराचा रंग, शिंगांची लांबी, ओढकामास लायक आहे काय. मी प्रामाणिक माणूस. भरून पाठवलं: "शिंगे नाहीत. ओढकाम करवून पाहिलेले नाही." पंधरा दिवसांनी दुसरं पत्र आलं. शिंगे कोणाच्या परवानगीने काढली, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

खुलासा लिहीत बसलो असताना सत्यभामा म्हणाली, "डाग कायचे पडले सांगू का? थे दिसभर पान्यातच हायेत. वर चढाले जागा कुठी हाये त्याईले? आंग कोरडं कसं होईन?" आणि तिने फुटक्या पाट्याचा तुकडा टोपल्यात तिरपा ठेवला आणि टोपलं उन्हात सरकवलं. दोन्ही कासवं त्या दगडावर एकावर एक चढून, चारी पाय पसरून, पेन्शनीत निघालेल्या शिरस्तेदारांसारखी ऊन खात बसली. एक पुस्तक, एक तक्ता आणि दोन पत्रं यांना जे जमलं नाही ते एका फुटक्या पाट्याने केलं. पण माझाही काही मान होताच ना. मी दवाखान्यातलं जांभळं औषध आणलं, तेच जे बैलांच्या खांद्यावरच्या जखमांना लावतो, आणि ढब्बूला चांगलं गडद फासलं. चवलीला लावायच्या आधी बाटली संपली. डाग गेले, पण ढब्बू मात्र पिकल्या जांभळाच्या रंगाचा झाला आणि राहिला.

वैशाखात एका दुपारी, लू सुटली होती, सगळी गल्ली दारं लावून पडली होती. जया ओरडत आली, ढब्बू नाही. पाट्यावरून काठावर, काठावरून खाली, अशी त्याने वाट काढली होती. टोपल्यातलं पाणी तापलं होतं, त्यात मी तरी बसलो असतो का? आम्ही खाटेखाली पाहिलं, चुलीमागे पाहिलं, कडब्याच्या गंजीत पाहिलं. जया रडून रडून झोपली. चवलीने खाणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गलका झाला. विहिरीचा कठडा एका बाजूने ढासळलेला होता, त्याच्या दुरुस्तीचा अर्जही विचाराधीन होता. सगळी गल्ली वाकून आत बघत होती. खाली पाण्यावर, थोरामोठ्यासारखा, ढब्बू पोहत होता.

"जांभया रंगाचं कासव!" शकुबाई हात जोडून उभ्या होत्या. "कोनी टाकलं नाई, कोनी आनलं नाई. देव सवता आला वो बाप्पा!"

मी लांबून, आमच्या दारातून ऐकत होतो. ज्या विहिरीसाठी मी अकरा महिने अर्ज करत होतो तिथे ढब्बू वीस पावलं चालून, कुणाला न विचारता, एका दुपारात पोचला होता. मला त्याचा राग आला आणि हेवाही वाटला.

विशेष म्हणजे त्या गर्दीतल्या प्रत्येकाच्या गोठ्यात एक तरी बैल त्याच जांभळ्या रंगाचा खांदा घेऊन उभा होता. मीच लावलेला. पण देव आला म्हटल्यावर औषध कोण आठवतो?

जयाला तिचं कासव परत पाहिजे होतं. मी ग्रामपंचायतीच्या सचिवाला दबक्या आवाजात विचारलं. तो कायद्याने चालणारा माणूस. म्हणाला, "विहिरीतली वस्तू ज्याले विहिरीचा हक्क हाये त्यानं काढावी. तुमचा हक्काचा अर्ज विचाराधीन हाये. थो मंजूर झाला का या." मी आभार मानून परत आलो. आभार कशाचे मानले ते मला आजही कळलेलं नाही.

इकडे विहिरीवर रोज हळदकुंकू, खोबरं, फुलं. पाणी गोड झालं म्हणे. त्यातल्या अळ्या कमी झाल्या, हे मात्र खरं होतं, कारण ढब्बू फुलं खात नसे, अळ्या खात असे. शकुबाई रोज तांब्याभर पाणी तीर्थ म्हणून घेत, आणि चार वर्षं धरलेला त्यांचा गुडघा सहाव्या दिवशी सुटला. त्या गल्लीभर चालून दाखवत होत्या.

बाराव्या दिवशी संध्याकाळी सदाशिवराव आले. "मी तं काहीच मानत नाई," त्यांनी सुरुवात केली, तेव्हाच मला समजायला हवं होतं. "पन लोकाईची श्रद्धा हाये. विहिरीले लोखंडी जाळी बसवाची, कुलूप लावाचं, किल्ली मायाजवळ राहीन. ग्रामपंचायतीले अर्ज द्याचा हाये. तुमच्यासारखं अक्षर गावात कोनाचं नाई, डाक्टरसायेब. उद्या सकाळी येतो न्याले."

आणि ते गेल्यावर मी कागद घेऊन लिहायला बसलो. हो, बसलो. अक्षराची कुणी तारीफ केली की माझा हात आपोआप दौतीकडे जातो, हा माझा जुना दोष आहे. "…तरी पूर्वीपासून पाणी भरणाऱ्या कुटुंबांनाच प्रवेश असावा," इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात सत्यभामा नदीवरून आली. हंडा उतरवला आणि माझ्या खांद्यावरून वाकून वाचू लागली. सातवी पास आहे ती. बोट ठेवून वाचते.

तिचं बोट 'पूर्वीपासून' या शब्दावर थांबलं.

"हे तुमच्या हातचं हाये?"

"मसुदा आहे नुसता," मी म्हणालो.

ती आत गेली आणि जयाच्या पायात वहाणा आहेत का ते बघून आली; विहिरीला कुलूप लागलं तर पुढे जयालाही नदीवरच जावं लागणार होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तो कागद चुलीत घातला आणि रिकाम्या दौतीसारखा बसून राहिलो.

सकाळी उठलो तर सत्यभामा अंगणात नवा दोर बादलीला बांधत होती. जयाच्या हातात मलमाची डबी होती.

"कुठे?" मी विचारलं.

"पानी आनाले."

"नदीवर ना?"

तिने दोराची गाठ ओढून घट्ट केली. मी पायात चप्पल घातली. आणि दोघींच्या मागून न जाता पुढून चाललो. वीस पावलं. मोजली मी.

विहिरीवर पूजा चालली होती. शकुबाई तांब्या घेऊन, सदाशिवराव नारळ घेऊन, मागे सात-आठ बायका हंडे घेऊन.

"काय जी डाक्टरसायेब, अर्ज झाला का?" सदाशिवरावांनी विचारलं.

"अर्ज नाही लिहिला," मी म्हणालो. "ते कासव माझं आहे."

"तुमचं?"

"माझ्या मुलीचं. रंग माझ्या बाटलीतला आहे. तुमच्या पांढऱ्या बैलाच्या खांद्यावर आहे ना, तोच." आवाज माझा चिरकला, पण वाक्य पुरं झालं.

"असं कसं म्हनता? देवाचं हाये थे," मागून एक बाई म्हणाली.

जयाने कुणाकडे पाहिलं नाही. ढासळलेल्या कठड्याशी बसून तिने डबी वाजवली. टक टक टक. खाली पाणी हललं. ढब्बू वर आला, मान लांब करून थेट तिच्या खालच्या बाजूला पोहत आला आणि त्याने तोंड वासलं.

"योगायोग हाये," सदाशिवराव म्हणाले.

जया उठून पलीकडच्या बाजूला गेली. टक टक टक. देव वळसा घालून पलीकडे गेले.

शकुबाईंनी वाकून पाण्यात पाहिलं. मग सत्यभामेला म्हणाल्या, "किती दिस होतं तुमच्या घरी?"

"तीन महिने."

"खात काय होतं?"

"मी देईन थे. मासोळी, अंबाडीचा पाला. माया हातानं," सत्यभामा म्हणाली. "आमच्या घरच्या पान्यात राहत होतं."

शकुबाईंनी हातातल्या तांब्याकडे पाहिलं. बारा दिवसांचं तीर्थ त्यांच्या पोटात होतं.

"आई," सदाशिवराव हळूच म्हणाले, "मी तं काही मानत नाई, पन विहिरीची शुद्धी…"

"कायची शुद्धी?" शकुबाई एकदम कडाडल्या. "चार साल तुया वैद्याईनं लेप लावले, काई झालं नाई. सहा दिसात गुडघा दुखाचा राह्यला माया. शुद्धी करून थो वापस दुखाले लावू का?"

सदाशिवरावांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. मागच्या दोन बायका हंडे उचलून निघून गेल्या. त्या महिनाभर दुसऱ्या विहिरीवर जात होत्या, मग ज्येष्ठाच्या उन्हाने त्यांना समजावलं.

सत्यभामा शुद्धीच्या निकालासाठी थांबली नव्हती. ती रहाटाशी गेली आणि तिने बादली सोडली. नवा दोर, नवा हात. बादली भसकन खाली गेली आणि आतल्या दगडावर आपटली. कुणी काही बोलायच्या आत शकुबाई पुढे सरसावल्या.

"अवो, दोर असा सोडतेत का?" त्या ओरडल्या. "बूड फुटन ना बादलीचं! पायानं दाब, अन् हळू हळू सोड. मायनं काई शिकवलं का नाई तुले?"

सत्यभामेने पायाने दोर दाबला, हळूहळू सोडला, आणि भरलेली बादली वर ओढून हंड्यात ओतली. दुसरी ओढली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, खांदे दिसत होते. मी सरकारी नोकर, रस्त्यात रडायचं नसतं, म्हणून आकाशाकडे पाहिलं.

"झालं का?" शकुबाई म्हणाल्या. "मंग सरक ना. मागच्या बायकाईले काय उनात उभं ठेवतं?"

ढब्बूला वर काढायचं का, असं मी जयाला विचारलं. तिने थोडा विचार केला, आणि दुपारी चवलीलाही बादलीत बसवून खाली सोडलं. आत उतरायची एक दगडी पायरी होती, तिच्यावर दोघं ऊन खायला चढू लागले. सदाशिवराव संध्याकाळी आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, खुर्चीवर बसले, चहा पुढे आला, त्यांनी "आत्ताच" म्हणून तोंड उघडलं, मग कपाकडे पाहिलं आणि उचलला. साखर कमी आहे म्हणाले.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सत्यभामा हंडा घेऊन घरात आली. तो चुलीशी ठेवला, पदराने घाम पुसला. मला वाटलं आता काही तरी मोठं बोलेल.

"लय किरकिर करते वो थे शकुबाई," ती म्हणाली. "उद्या साताच्या आत ये म्हने, नाई तं नंबर लागत नाई."

दुसऱ्या दिवशी ती साडेसहालाच गेली.